१३ वर्षांच्या लॅबची किडनी, उपचार कुठवर करायचे?

कोथरूडकर:
आमचा ब्रुनो, लॅब्रॅडॉर, वय १३. गणपतीनंतर खाणं सुटलं, मग उलट्या, पाणी मात्र सारखं पितो आणि तोंडाला लघवीसारखा वास येतोय. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळेनाशी झाली की रक्तात साठतो तो टाकाऊ घटक, ६.२, खूपच जास्त. डॉक्टर म्हणाले किडनी गेल्यात, रोज सलाईन, उलटीचं इंजेक्शन, किडनीवाल्यांचं वेगळं खाणं, अगदीच वाटलं तर डायलिसिस, पण वय बघा. बायको म्हणते होईल ते सगळं करायचं. आई म्हणते किती टोचाल त्याला, सोडा आता. मला आईचं पटतंय. इतक्या म्हाताऱ्या जिवाला रोज टेबलावर दाबून धरायचं हे आपण त्याच्यासाठी नाही, आपल्या मनाच्या समाधानासाठी करतो असं माझं स्पष्ट मत आहे. पटत नसेल तर सांगा.

रानवाट:
नाही पटत. वय हा आजार नाहीये हो! एका आकड्यावरून जीव सोडायचा का? आधी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग, तपासलात का ते सांगा. पावसाळा नुकताच संपलाय, उंदरांच्या मुताने खराब झालेल्या साचलेल्या पाण्यातून होतो तो, आणि लस दिलेली असली तरी लेप्टोचे सगळे प्रकार तिच्यात नसतात. अचानक बिघडलेली किडनी आणि वर्षानुवर्षं झिजलेली किडनी, क्रिएटिनिन दोन्हीत वाढतं, पण पहिली परत येऊ शकते, दुसरी नाही. सोनोग्राफी करा, किडनी आक्रसलेली दिसली, हिमोग्लोबिन कमी आलं, वजन कित्येक महिने उतरत असलं तर जुनं दुखणं. लेप्टो निघाला तर अँटिबायोटिक आणि सलाईनवर म्हातारे कुत्रेपण उठून बसतात, आणि डायलिसिसचा खरा उपयोगही अशाच वेळी असतो, किडनीला सावरायला वेळ मिळतो. आणि हो, रिपोर्ट येईपर्यंत त्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा, माणसालाही होतो लेप्टो.

समुद्रपक्षी:
रानवाट, तपासणीचं शंभर टक्के मान्य. पण जुनंच निघालं तर? सलाईन देऊनही क्रिएटिनिन ५ च्या वर राहिलं तर ती चौथी म्हणजे शेवटची स्टेज, तिथून किडनी परत येत नाही. आमच्या पॉमला आम्ही शेवटपर्यंत दवाखान्यात नेलं, तोंडात अल्सर, खायला तोंड उघडेना, गाडीची किल्ली वाजली की पलंगाखाली जाऊन बसायची. जी किल्ली वाजली की आधी दाराशी नाचायची तीच. १९२८ साली साबरमती आश्रमात गांधीजींनी एका तडफडणाऱ्या वासराला डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन मरण दिलं होतं, त्याला ते अहिंसाच म्हणाले. बरं होणार नाही आणि वेदना थांबणार नाहीत, हे दोन्ही नक्की असेल तर मागे फिरण्यात काहीच पाप नाही.

तुळशीबाग:
त्या वासरावरून गांधीजींना किती संतापाची पत्रं आली तेही सांगा की. आपल्याकडे पांजरपोळ उगाच नाही उभे राहिले, मुंबईतला १८३४ पासून आहे, म्हातारं आजारी जनावर मरेपर्यंत सांभाळायचं ही आपली रीत. आणि दाबून धरायचं काय सारखं? कातडीखाली सलाईन घरीच देता येतं, डॉक्टर शिकवतात, मानेमागची सैल कातडी उचलायची, सुई घालायची, पंधरा मिनिटांत होतं, आमचा तर मांडीवर डोकं ठेवून झोपायचा. असे चांगले महिने मिळालेत आम्हाला. ते आमच्या समाधानासाठी होते असं कोणी म्हटलं तर मला खरंच राग येतो.

हिशेबवही:
पैशाचं कोणीच बोलत नाहीये. डायलिसिस मोजक्याच ठिकाणी होतं आणि प्रत्येक वेळचा खर्च साधा पगारदार माणूस पेलू शकत नाही, विम्यात म्हातारा कुत्रा नव्याने बहुतेक घेतच नाहीत. घरात मुलांची फी, आईची औषधं असताना कुणी थांबला तर त्याला निर्दय म्हणू नका.

समुद्रपक्षी:
तुळशीबाग, तुमचा शांत झोपायचा म्हणून चाललं, आमची थरथरायची. म्हणून म्हणते कुत्र्याकडे बघा. अमेरिकेतल्या व्हेट ॲलिस व्हिलालोबोस यांची सात मुद्द्यांची यादी आहे, दुखणं, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, प्रत्येकाला १० पैकी गुण, ३५ च्या वर असेल तर चालू ठेवा म्हणतात. आमच्याकडे उशिरा कळली.

तुळशीबाग:
गुण देणारा माणूसच ना? थकलेला माणूस कमी देणार, जीव अडकलेला जास्त. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे लिहा आणि मग समोर ठेवा, तेवढं मी मानते.

कोथरूडकर:
लेप्टोसाठी रक्त आणि लघवी उद्या सकाळी देतोय, सोनोग्राफीपण उद्याच. सगळ्यांनी वेगवेगळे गुण लिहायचे हे बायको आणि आई दोघींनाही पटलंय. लेप्टो निघाला तर पूर्ण लढणार, खर्चाचं बघू. जुनं निघालं तर घरी सलाईन, उलटी थांबेल तेवढं औषध, तो खाईल ते खाणं, डायलिसिस नाही. तुळशीबाग, तुम्हाला हे अर्धवट वाटेल, पण अन्नाकडे बघायचंही त्याने सोडलं तर मी डॉक्टरांना घरी बोलावणार, आधी झोपेचं आणि मग शेवटचं इंजेक्शन. यावर माझं मत बदललेलं नाही.

तुळशीबाग:
बदलू नका, पण अन्न सोडलं की लगेच नका बोलावू. मळमळ थांबली की पुष्कळ कुत्रे परत खातात. आधी उलटीचं औषध नीट लागू पडू द्या.