क्रूझवर लोकांना नेमकं काय आवडतं? आई-आण्णांना न्यायचंय

हरिपूररोड_सांगली
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. जानेवारीत आई-आण्णांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत आणि आम्ही भावंडांनी त्यांना घेऊन कुठंतरी जायचं ठरवलंय. पुण्याची बहीण म्हणती क्रूझच करायची, मुंबई-गोवा नाहीतर लक्षद्वीप, तिच्या ऑफिसातले दोघं-तिघं जाऊन आलेत आणि सगळे खूश. पण खूश कशानं झाले विचारलं की एवढंच, लय भारी वाटतं. मला त्यातनं काही कळत नाही.

अडचण आईची आहे. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर गेल्तं, आमचा खालचा मजला अख्खा पाण्यात, आईला गच्चीवरनं बोटीत घेतलं आणि त्या बोटीत ती पूर्ण वेळ डोळे मिटून माझा दंड धरून बसलेली. तेव्हापासून गणपती विसर्जनाला पण ती घाटाच्या वरच्या पायरीवरच थांबती. तिला चार दिवस पाण्यावर न्यायचं म्हणजे माझंच मन धजत नाही. आण्णा मात्र एका पायावर तयार, त्यांनी समुद्र बघितलाय तो फक्त गणपतीपुळ्याला. तर जाऊन आलेल्यांनी मनापासून सांगा, चारी बाजूला पाणी, मधेच उतरता येत नाही, तरी माणसं पैसे भरून परत परत का जातात?

शाहूपुरी_मावशी
दादा, मी साताऱ्याची, वय ५८. मागच्या वर्षी आम्ही दोघं आणि माझी नणंद, तिचे मिस्टर असे मुंबईवरनं जाऊन आलो. मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू, बॅग भरावी लागली नाही. राजस्थानला गेलो तेव्हा आठ दिवसांत पाच हॉटेलं बदलली, रोज पहाटे उठा, बॅगा भरा, कुणाचा टॉवेल राहिला कुणाचा चार्जर राहिला, आणि हे सगळं बाईच्याच डोक्यात असतं. जहाजावर गेल्यागेल्या कपडे कपाटात लावले, बॅग पलंगाखाली सरकवली ती उतरायच्या आदल्या रात्रीच बाहेर काढली. रात्री झोपलो तेव्हा बाहेर नुसता अंधार आणि सकाळी पडदा सारला तर समोर गोवा.

आणि दुसरं, लग्न झाल्यापासून सकाळी डोळा उघडला की पहिला विचार आज भाजी काय. तिथं तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दोन दिवस हा विचार आलाच नाही. त्या सकाळी डेकवर चहा घेऊन मी आणि हे दीड तास बोलत बसलो. घरी आम्ही असं कधी बसलोय ते मला आठवत नाही, टीव्ही असतो, दारात कुणी येतं, फोन वाजतो. तिथं फोनला रेंजच नव्हती.

जेवणाची काळजी नको, जैन जेवण पण मिळतं, बुकिंग करतानाच सांगून ठेवा. आईंना घेऊन जा हो, पण आधी त्यांना विचारून, सरप्राईज वगैरे देऊ नका.

मिरज_जंक्शन
मी उलट सांगतो. परदेशात एका क्रूझवर गेल्तो, आम्हाला दोघांनाही रमलं नाही. मोठमोठ्यानं गाणी, ब्रेकफास्टला रांगा, आणि बंदरात थांबले सहा तास, त्यात चढ-उतार धरून शहर काय बघणार. तिकिटाच्या वर टिप्स, पोर्टचे पैसे, वायफाय, शीतपेयं असं करत बिल वाढत गेलं ते वेगळंच. ज्याला गाव बघायचंय, गल्लीबोळ फिरायचेत त्यानं जाऊ नये. बुकिंगच्या आधी कशाकशाचे पैसे आत धरलेत ते लिहून घ्या.

जहाजी_तासगाव
भावा मी तासगावचा, सहा वर्षं झाली क्रूझच्या किचनमध्ये आहे, गॅली म्हणतात त्याला. आत्ता सुट्टीवर आलोय, घरी द्राक्षाची छाटणी चाललीय, रात्री वेळ मिळाला म्हणून लिहितोय.

मिरजकर दादांचं बरोबर आहे, गाव बघायला क्रूझ नाहीच. पण मी गेस्ट लोकांना बघतो ना, पहिल्या दिवशी सगळी पळत असतात, शो बघ, पूल बघ, बुफेत तीन ताटं घे, कारण पैसे वसूल करायचे असतात. मग येतो सी-डे, म्हणजे जहाज कुठंच थांबत नाही तो दिवस. त्या दिवशी दुपारनंतर माणसं हळू चालायला लागतात. रेलिंगला टेकून तासभर उभी राहतात, समोर बघायला काहीही नसतं तरी. मला वाटतं माणसाला कुठंतरी पोचायचंय ही घाई सुटते, कारण पोचायचं काम कॅप्टन करतोय. परत परत येणारे बहुतेक त्या दिवसासाठीच येतात, बंदरासाठी नाही.

काकूंच्या भीतीचं म्हणशील तर ती समजावून जाणार नाही, माझ्या आजीचं पण तेच आहे. पुराचं पाणी घरात शिरतं आणि आपल्या हातात काही राहत नाही. म्हणून काकूंच्या हातात जेवढं देता येईल तेवढं द्या. निघायच्या आधी मस्टर ड्रिल असते, म्हणजे संकट आलं तर कुठं जमायचं, काय करायचं त्याची तालीम, ती सगळ्यांना करावीच लागते, २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसं गेली, त्यानंतर नियम कडक झाले. त्यात काकूंना पुढं उभं करा, लाईफ जॅकेट कसं घालायचं बघू दे, आपली जमायची जागा कुठली ते पायी चालून दाखवा. केबिन जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या, सीसॉच्या मधोमध बसलं की कमी हलतं तसंच असतं ते. पाण्याखाली दोन्ही बाजूला पंखासारखे स्टॅबिलायझर असतात त्यानं डोलणं कमी होतं पण बंद होत नाही. मळमळलं तर केबिनमध्ये पडून राहायचं नाही, डोळ्यांना भिंत स्थिर दिसती आणि कानातला तोल सांगतो की हलतंय, त्या गोंधळानंच मळमळतं, म्हणून उघड्यावर येऊन क्षितिजाकडं बघायचं. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून.

जानेवारी चांगला, आपल्या बाजूचा समुद्र तेव्हा शांत असतो, जून ते सप्टेंबर खवळलेला. आणि लक्षद्वीप नको, तिथं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, मधे नांगर टाकून छोट्या बोटीत उतरवतात. काकूंना परत तीच छोटी बोट नको. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागतं, चालत उतरायचं.

मूळचा_विजयदुर्ग
छोट्या बोटीवरनं आठवलं. मी नोकरीनं साताऱ्यात आलो, पण माझं लहानपण कोकण बोटीचं. भाऊच्या धक्क्यावरनं आगबोट सुटायची ती जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत पणजीला जायची. रत्नागिरीला बोट खोल पाण्यात उभी आणि माणसं गाठोड्यांसकट पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरायची, माझी आई दर वेळी देवाचं नाव घेत उतरायची. तेव्हा बोट म्हणजे हालच, डेकवर पथारी, उलट्या, कोंबड्या, फणस. तरी रात्री सगळं डेक जागं असायचं. अनोळखी माणसं डबे उघडून एकमेकांना द्यायची, कुणी भजन धरायचं, आणि लांबवर दीपस्तंभ दिसला की वडील सांगायचे हा अमुक बंदराचा.

दोन वर्षांपूर्वी मुलानं क्रूझला नेलं. एसी, गालिचे, लिफ्ट, सगळं वेगळं. पण रात्री वरच्या डेकवर गेलो तर किनाऱ्याकडं तसाच एक दिवा उघडझाप करत होता. नातवाला उठवून आणलं आणि दाखवला. त्याला थंडी वाजत होती तरी तो खाली जाईना.

प्रवासाचं म्हणाल तर सांगलीवरनं महालक्ष्मी एक्सप्रेस पकडा, सकाळी सीएसएमटीला उतरलं की क्रूझ सुटते ते बॅलार्ड पिअर जवळच आहे.

हरिपूररोड_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचं ऐकलं, सरप्राईज रद्द केलं आणि आईला तुमची सगळ्यांची उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवली. भाजीचं ऐकून ती गप्पच बसली, मग म्हणाली परत वाच. ड्रिलचं दोनदा विचारलं, बोटीवर डॉक्टर असतो का विचारलं. हो म्हणाली नाही अजून. पण रात्री जेवताना एकदम म्हणाली, त्या खोलीची खिडकी उघडती का? पुरात त्या बोटीत सगळीकडनं वास येत होता, तिला आत कोंडल्यासारखं नको, वारं पाहिजे. बहिणीनं खिडकीवाली केबिन बघून ठेवलीय, तिथं उघडतं का काही?

जहाजी_तासगाव
नाही भावा, त्या खिडक्या पक्क्या बंद असतात, नुसती काच. बाल्कनीवाली घे, थोडी वरच्या डेकवर मिळेल पण मधल्या भागातली बघ. बुक करताना समोर लाईफबोट आडवी येत नाही ना ते आधी विचार, कधी कधी येती. डॉक्टर असतो, दवाखाना पण असतो. आणि पहिल्या रात्री बाल्कनीचं दार काकूंनाच उघडू दे.