थंडीत घरच्या घरी प्रायमर मारलाय का कोणी? अनुभव सांगा

सेलूचा शेतकरी

राम राम मंडळी. धाग्याचं कारण म्हणजे बाबांची राजदूत मोटरसायकल. चौदा वर्षं गोठ्यात कुटाराच्या ढिगामागं पडली होती, यंदा सोयाबीन लवकर निघालं आणि कापसाचा पहिला वेचा घरी आला तसा थोडा हात मोकळा झाला म्हणून बाहेर काढली. इंजिनाचं नंतर पाहू, आधी टाकी आणि मडगार्ड रंगवून घेऊ असं ठरवलं. रिमूव्हर लावून जुना रंग काढला, ८० नंबरचा पेपर घासून पत्रा चांदीसारखा केला, साळ्याचा छोटा कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आणली, रेड ऑक्साईड, म्हणजे रंगाआधी मारायचा लाल प्रायमर, आणलं.

आता चूक ऐका. सकाळी वारा नसतो, धूळ नसते, म्हणून मी साडेसहाला अंगणात गन घेऊन उभा राहिलो. टाकी रातभर बाहेरच टांगलेली. पहिला हात मारला, लय गुळगुळीत दिसला, मी खूश. दहा वाजता बोट लावलं तर ठसा. संध्याकाळी ठसा. दुसऱ्या दिवशीही थोडा चिकटच, पण मले घाई झाली होती, म्हटलं वरचा थर बसला की आतलं आपोआप वाळेल, आणि त्यावर करड्या रंगाचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) सरफेसर, म्हणजे पृष्ठभाग सारखा करणारा थर, मारून दिला. पाच मिनिटांत टाकी उकळल्यासारखी झाली. सुरकुत्याच सुरकुत्या, घोरपडीच्या पाठीसारखं कातडं. सगळं खरवडून परत पत्र्यावर आलो.

तर ज्यांनी ज्यांनी नोव्हेंबर ते जानेवारीत घरी हा उद्योग केलाय त्यांनी आपापलं सांगा. बिघडलेलं आधी सांगा, जमलेलं मग.

लांबीवाला, पुसद

भाऊ तुमचं दुखणं दोन आहे, एक नाही. रेड ऑक्साईड हे सिंथेटिक, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते, थंडीत लय सावकाश. वरून कोरडं वाटते, आत कच्चं राहते. आणि एनसीचं थिनर म्हणजे जहाल काम, त्यानं ते कच्चं पोट फुगवलं आणि उचलून टाकलं. एनसी मारायचं होतं तर खालीही एनसीच पाहिजे होतं, नाहीतर ऑक्साईड आठ-दहा दिवस पडू द्यायचं होतं.

दुसरं म्हणजे सकाळ. मी बावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करून राहिलो, लोक मले विचारतात आज किती डिग्री आहे, मारू का. हवेचं काय विचारता, पत्र्याले विचारा. आपल्याकडं थंडीत दुपारी २७-२८ असते, पण उघड्यावर राहिलेला पत्रा रात्री आभाळाकडं उष्णता सोडून सोडून हवेपेक्षाही गार होते, आणि त्याच्यावर दव बसते. कधी कधी डोळ्याले दिसत नाही इतकं बारीक. माही साधी परीक्षा आहे, पत्र्यावर तोंडानं हाऽऽ करायचं. वाफेचा डाग लगेच उडाला तर मारा, रेंगाळला तर चहा प्या.

वरून स्प्रे केल्यावर थिनर उडते ना, ते पत्र्याची उष्णता घेऊन उडते, म्हणजे पत्रा आणखी गार होते. हवेत ओल असली की ते पाणी थेट ओल्या रंगावर बसते आणि एनसी पांढरट पडते, राख फासल्यासारखं. पावसाळ्यात हे जास्त होते, पण थंडीत संध्याकाळी पाच नंतर मारलं तरी होते.

म्हणून आमच्याकडं थंडीत गन अकरा ते तीन. बस. २०१८ च्या डिसेंबरात २९ तारखेले नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता, त्या आठवड्यात माझ्याकडं ट्रॅक्टरचं बोनेट आलं होतं. मालक रोज फोन करे, झालं का झालं का. मी चार दिवस नुसतं घासलं, लांबी म्हणजे पुट्टी भरली, परत घासलं. पाचव्या दिवशी उन्हात दोन तास ठेवून, सावलीत आणून, मग मारलं. उन्हातच मारायचं नाही हं, तापल्या पत्र्यावर रंग पोचायच्या आधीच वाळते आणि वर भुरका बसते.

आणि थंडीत रंग घट्ट होते म्हणून लोक थिनर ओतत सुटतात. अरे बाप्पा, मग ते ओघळणारच. डब्बा रात्री घरात ठेवा, चुलीपासून लांब, सकाळी आपोआप पातळ भेटते. हात पातळ द्यायचे आणि दोन हातांच्या मधी थांबायचं. उन्हाळ्यात दहा मिनिटं पुरतात, थंडीत अर्धा तासही लागते. घड्याळ नका पाहू, नाक लावा, वास मेला की दुसरा हात.

स्कूटीवाली वहिनी, वणी

आम्हा बायांनाही येतं बरं का 😄 माझ्या स्कूटीचा पुढचा भाग घासला गेला होता, गॅरेजवाल्याने जे सांगितलं ते ऐकून मी स्प्रेचा डब्बाच आणला. जानेवारी. डब्बा इतका गार की दाबला तर धार नाही, थुंकी. थेंब थेंब उडाले सगळे. थंडीत आतल्या गॅसचा दाब उतरतो म्हणे. देर म्हणाला थांब वहिनी आणि सरळ चुलीजवळ ठेवायला निघाला, मी हातातून ओढून घेतला, त्या डब्ब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं ५० डिग्रीच्या वर नको म्हणून. मग बादलीत कोमट पाणी, म्हणजे लेकराला आंघोळ घालतो तेवढंच, त्यात दहा मिनिटं, पुसून दोन मिनिटं नीट हलवला, आतली गोळी खडखड वाजेपर्यंत, आणि मग वीतभर लांबून मारला तर काय सुंदर बसला.

पण माझा घोळ वेगळाच झाला. आमच्या पडवीत तेव्हा कापूस भरलेला, भाव वाढेल म्हणून ठेवलेला (वाढला नाही, तो धागा वेगळा). पंखा लावला वास जायला आणि रुईचे तंतू उडून सगळे ओल्या प्रायमरवर. स्कूटीला लव आली! सासरे मात्र हसले नाहीत, कापसाच्या ढिगाजवळ तो पेटणारा फवारा मारलाच कसा म्हणून जे बोलले ते बरोबरच बोलले. त्यानंतर हे काम फक्त मागच्या अंगणात.

अजून एक, प्लास्टिकच्या भागाला साधा प्रायमर धरत नाही, नखानं सोलून निघाला. त्याचा वेगळा मिळतो, तो आधी.

घाटावरचा

वरचे सगळे दुपारी २८ डिग्रीवाले, आमचं चिखलदऱ्याचं ऐका. हजार मीटरच्या वर राहतो आम्ही, डिसेंबरात दुपारीसुद्धा सावलीत स्वेटर लागते. जीपचे दोन दरवाजे, हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) प्रायमर, डब्ब्यावर लिहिल्याप्रमाणं चारास एक मिसळला. तीन दिवस झाले तरी पेपर लावला की पेपरच भरून जाय, च्युइंगगम घासल्यासारखा. या प्रायमरमध्ये वाळणं म्हणजे नुसतं थिनर उडणं नाही, आत रासायनिक क्रिया चालते, आणि दहा डिग्री उतरली की तिचा वेग अंदाजे निम्मा होतो असा ठोकताळा आहे. आमच्याकडं तर रात्री ती झोपूनच जात असेल.

मग मी शहाणपणा केला, दुसऱ्या दरवाजाला हार्डनर वाढवून टाकला. लवकर तर वाळला नाहीच, ठिसूळ मात्र झाला, दगड लागला तिथं टवका. माप म्हणजे माप.

शेवटी दोन्ही दरवाजे परत घासले, पिकअपमध्ये टाकून घाट उतरलो आणि परतवाड्याला साडूच्या शेडमध्ये मारले. दुसऱ्या दिवशी दुपारी ४०० चा पाणी पेपर फिरला, पांढरी पावडर निघाली तेव्हा जीव भांड्यात पडला. साडूला बहिरमच्या जत्रेतलं मटण आणि रोडगे माझ्याकडून.

आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, तोंडाला रुमाल बांधून त्याचं काही होत नाही. दम्याचं लचांड मागं लागते. कार्ट्रिजवाला मास्क नसेल तर एनसीच वापरा, तोही बाहेर मोकळ्यात.

धानवाला, गोंदिया

माझं लहानसं आहे जी. गनमधून मधीमधी पाणी उडे, प्रायमरवर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे. कॉम्प्रेसरची टाकी खालून उघडली तं ग्लासभर गढूळ पाणी निघालं. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन बसते, कितीक महिने कोणी काढलंच नव्हतं. आता रोज काम सुरू करायच्या आधी काढतो.

दुसरं, प्रायमर मारून ट्रॅक्टरचे मडगार्ड मळणीच्या घाईत पंधरा दिवस बाहेर राहिले. रोज दव. मले वाटे प्रायमर म्हणजे गंजाचं औषध. पण तो नुसता पाणी पितो जी, वरचा रंग नसला तं खालून परत तांबडे ठिपके.

नाव नको

माझ्या चुलतभावानं खोली बंद करून आत शेगडी ठेवली होती, पत्रा गरम राहावा म्हणून. थिनरची वाफ हवेहून जड, जमिनीवरून सरकत गेली. भडका एकच झाला आणि विझलाही, पण पायाच्या कातड्याला तीन महिने लागले. शेगडी, हिटर, बिडी काहीच नको. एवढंच लिहायला लॉगिन केलं.

पोट्टा नंबर १

काका एवढं करून राजदूत विकली तर किती येतील?

सेलूचा शेतकरी

विकायची नाही रे बाबा.

नाव नको भाऊ, बरं झालं लिहिलं. मीही ऊब द्यायला हॅलोजनचा दिवा लावायच्या विचारात होतो, सोडला.

बाकी सगळ्यांचं ऐकून दुसऱ्यांदा केलं ते सांगतो. टाकी रात्री घरात, पलंगाखाली. नऊला उन्हात, साडेअकराला शेडमध्ये. हाऽऽ करून पाहिलं, डाग लगेच उडाला. कॉम्प्रेसरचं पाणी काढलं, अर्धा लोटा तरी असेल. रेड ऑक्साईडचे दोन पातळ हात, मधी अर्ध्या तासाहून जास्त, कारण मधीच धुवारीनं (धुक्यानं) तुरीचा फुलोरा गळला का पाहायला शेतात जाऊन आलो. चारला टाकी परत आत. आज सहावा दिवस, नख लावलं तर उमटत नाही, तरी अजून चार दिवस हात लावणार नाही, आणि वरून एनसी तर नाहीच.

काल बाबा काठी टेकत आले, टाकीभोवती एक चक्कर मारली, आणि म्हणे, "काम चांगलं केलंस, पण आपली गाडी काळी होती. ही कोणाची लाल उचलून आणली?"