चित्रांचे काम, हस्तकला आणि स्वयंपाक : तिन्ही एकाच दिवसात कसे बसवता?

निळीरेघ (प्रश्न) :

नमस्कार. मी गेली पाच वर्षे घरूनच स्वतंत्र इलस्ट्रेटर म्हणून काम करते आहे. मुलांच्या पुस्तकांतील चित्रे हे माझे मुख्य काम असून अधूनमधून मासिकांची आणि मुखपृष्ठांची कामेही येतात. चित्रांखेरीज दोन गोष्टींत माझा जीव रमतो. एक हस्तकला, म्हणजे प्रामुख्याने वह्यांची बांधणी आणि क्रोशे, आणि दुसरी स्वयंपाक. या तिन्हींचा मेळ घालताना होणाऱ्या ओढाताणीविषयी हेच काम करणाऱ्या मंडळींकडून सविस्तर ऐकायचे आहे.

उजेड चांगला असतो तोवर रंगकाम, दुपारनंतर स्कॅनिंग, संगणकावरच्या दुरुस्त्या व पत्रव्यवहार, आणि संध्याकाळी पुढच्या कामाची कच्ची रेखाटने असा दिवसाचा क्रम मी ठरवला आहे; पण हाती काम बेताचे असेल तोवरच तो टिकतो. दोन पुस्तकांची मुदत एकदम जवळ आली की स्वयंपाक म्हणजे वेळेला काहीतरी खाणे एवढाच उरतो आणि विणकामाची टोपली आठवडेच्या आठवडे उघडली जात नाही. उलट रेखाटने संपादकांकडे गेली आणि मान्यतेची वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले की सकाळी सहज हाती घेतलेली वही संध्याकाळपर्यंत चालते, मध्ये एखादा खटपटीचा पदार्थ होतो, आणि बिल पाठवण्यासारखे दहा मिनिटांचे कामही राहून जाते.

गेल्या महिन्यात 32 पानांचे एक पुस्तक पूर्ण केले. शेवटचे दहा दिवस रोज आठ-नऊ तास रंगवत होते, आणि काम पाठवले त्याच संध्याकाळी विसावा म्हणून क्रोशे घेऊन बसले. तीन दिवसांत उजव्या अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत असे दुखू लागले की पेन्सिल धरवेना. ज्या गोष्टीत विसावा शोधत होते तिनेच हात अडवला, याचे फार वाईट वाटले. त्यातच ओळखीची माणसे सुचवतात की वह्या विकायला काढाव्यात आणि पाककृतींची सचित्र कार्डेही करावीत. आपण तिन्ही गोष्टी कशा सांभाळता, आणि आवडीचे रूपांतर विक्रीत केल्याने काही बिघडते का, हे कृपया प्रत्यक्ष अनुभवातून सांगावे.

खळकागद :

मान्यतेची वाट पाहण्याच्या दिवसांचा आपण उल्लेख केलात, तिथेच मला या प्रश्नाची किल्ली दिसते. आपल्या कामात वाट पाहणे दोन प्रकारचे असते, आणि ते वेगवेगळे हाताळायला मी फार उशिरा शिकलो. एक वाट असते वस्तूंची : जलरंगाचा थर वाळायचा असतो, ताणून चिकटवलेला कागद सुकायचा असतो, मोठी फाइल स्कॅन होत असते. याला किती वेळ लागणार हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते, आणि तिथे घाई करणे नुकसानीचेच ठरते, कारण अर्धवट ओल्या थरावर पुढचा थर दिला की पाणी पसरून फुलोऱ्यासारखे डाग उमटतात. दुसरी वाट असते माणसांची, आणि तिला शेवट कधी हे आपल्या हाती नसते. हस्तकला मी पहिल्या प्रकारच्या फटींत बसवतो. दुसऱ्या प्रकारच्या रिकामेपणात ती घेऊन बसलो की तुमच्यासारखाच माझाही सबंध दिवस जातो.

यासाठी हस्तकलेचे काम तुकड्यांत मोडून ठेवावे लागते. वहीबांधणीत कागद दुमडणे, टोच्याने भोके पाडणे, एक फर्मा, म्हणजे एकात एक घातलेल्या दुमडलेल्या कागदांचा गठ्ठा, शिवून घेणे ही कामे पंधरा-वीस मिनिटांत होतात आणि मध्येच बाजूला ठेवता येतात. खळ लावण्याचे काम मात्र तसे सोडता येत नाही. खळीतल्या पाण्याने कागद फुगतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. म्हणून दुसऱ्या बाजूनेही लगेच कागद लावून वही वजनाखाली ठेवावी लागते, नाहीतर पुठ्ठा वाकतो. रात्रभर वजन ठेवायचेच असते, तेव्हा खळीचे काम मी दिवसाच्या शेवटी करतो आणि सकाळी वही तयार मिळते. खळ स्वयंपाकघरातच शिजते, हेही मला आवडते. गव्हाच्या स्टार्चमध्ये चौपट-पाचपट पाणी घालून मंद आंचेवर ढवळत राहिले की पांढरट मिश्रण हळूहळू अर्धपारदर्शक आणि दाट होते, आणि तो बदल मी दरवेळी तितक्याच आवडीने पाहतो.

माणसांची वाट पाहण्याच्या दिवसांसाठी माझा नियम साधा आहे. दुपारपर्यंत बिले, फायलींची आवराआवर, पोर्टफोलिओ आणि पुढच्या कामाची छोटी रेखाटने. त्यानंतर मन मोकळे ठेवून हस्तकला. करारातही मी आता दोन गोष्टी लिहून घेतो : रेखाटने मिळाल्यापासून किती दिवसांत अभिप्राय मिळेल, आणि ठरलेल्या मोबदल्यात दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या येतील. या दोन ओळींमुळे माझ्या दिवसांची जेवढी घडी बसली, तेवढी कोणत्याही वेळापत्रकाने बसली नव्हती.

आणि बांधणीला केवळ छंद समजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. 32 पानांचे पुस्तक हाती आले की मी सर्वप्रथम त्याच मापाची कोरी डमी, म्हणजे पुस्तकाची नमुनाप्रत, शिवतो आणि पेन्सिलीने प्रत्येक पान भरतो. दुपानी चित्रात मध्यभागी आलेला चेहरा शिलाईत कसा गिळला जातो, पान उलटताना कोणती गोष्ट एकदम समोर यायला हवी, हे पडद्यावरच्या सपाट चौकटीत समजत नाही. कडेने छाटणीसाठी 3 मिलिमीटर जादा रंगवायचे असते हे सर्वांना माहीत असते. पण स्वतःच्या हाताने कागद छाटणाऱ्याला सुरी थोडी इकडेतिकडे होणारच हेही माहीत असते, आणि म्हणून तो महत्त्वाचा तपशील कडेशी नेतच नाही.

पाचबोटे :

मला फक्त हाताविषयी लिहायचे आहे, कारण आपण वर्णन केलेले दुखणे मी सोसलेले आहे. ब्रश धरणे आणि क्रोशाची सुई धरणे या आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची बारीक पकड आणि मनगटाची तीच छोटी हालचाल दोन्हींत हजारो वेळा होते. मनाला विसावा मिळतो, स्नायुबंधांना मिळत नाही. अंगठ्याच्या बुडाशी दुखणे हे पुष्कळदा तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज आल्याने होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातून जाणाऱ्या नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते. दोन्हींचे उपचार सारखे नसतात, म्हणून अंदाजाने मलम लावत न बसता डॉक्टरांना दाखवावे. मी तीन महिने अंगावर काढले आणि त्यात एक पुस्तक हातचे गेले.

तेव्हापासून मी हस्तकलेची निवड दिवसभराच्या कामावरून करते. बारीक रेघांचे काम झाले असेल त्या दिवशी क्रोशे आणि भरतकाम दोन्ही बंद असतात. त्या दिवशी कणीक मळते किंवा कागदाचा लगदा थापते, कारण त्यात तळहात, दंड आणि खांदे काम करतात आणि बोटांची चिमूट सुटते. दिवस संगणकावरच्या पत्रव्यवहारात गेला असेल तर मात्र संध्याकाळी सुई-दोरा खुशाल हाती घेते. ब्रशच्या दांड्यावर स्पंज गुंडाळून तो जाड केल्यानेही मला पुष्कळ फरक पडला, कारण जाड दांडा धरायला कमी आवळावे लागते.

निळीरेघ :

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ आजच घेतली. ब्रश आणि क्रोशे यांची पकड एकच असते, हे इतक्या वर्षांत कधी लक्षात आले नव्हते. आता मुदतीच्या दिवसांतील स्वयंपाकाविषयीही कोणी लिहावे. माझी रंगांची मांडणी स्वयंपाकघराला लागूनच असल्याने काय काळजी घ्यावी, तेही जाणून घ्यायचे आहे.

वाफ :

प्रथम काळजीचे सांगतो, कारण त्यात तडजोड नको. काही पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियमची आणि काही निळ्या रंगांत कोबाल्टची संयुगे असतात. रंगाचे पाणी ठेवायची वाटी एकदा चित्रांकडे गेली की ती परत ताटात येऊ देऊ नये, ब्रशचे टोक ओठांनी जुळवण्याची सवय असेल तर ती सोडावी, आणि कोरड्या रंगाची पूड स्वयंपाकघरात कधीच हाताळू नये. मी रंगाच्या सर्व भांड्यांच्या बुडाला काळी पट्टी चिकटवली आहे, म्हणजे घरात इतर कोणी भांडी घासली तरी घोटाळा होत नाही.

मुदतीच्या दिवसांत माझा एकच निकष असतो : पदार्थाने माझ्यावाचून बराच वेळ राहावे. चित्रात मन गुंतले की चुलीवरचे विसरते, आणि हे केवळ जळक्या वासापुरते राहत नाही, धोक्याचे ठरते. म्हणून सतत ढवळावे लागणारे किंवा तळण्याचे काही त्या दिवसांत करत नाही आणि गजराचे घड्याळ स्वयंपाकघरात न ठेवता रंगांच्या टेबलावर ठेवतो. रात्री कडधान्ये भिजत घातली की सकाळचे निम्मे काम झालेले असते. पावाचे पीठ तर मुदतीच्या दिवसांत फार साथ देते. यीस्ट अगदी थोडे घातले आणि पीठ सैलसर ठेवले, तर ते मळण्याचीही गरज नसते. 12 ते 18 तास झाकून ठेवले की पाणी आणि वेळ यांच्यामुळेच ग्लूटेनची जाळी तयार होते. काम लांबलेच तर पीठ फ्रिजमध्ये जाते, तिथे यीस्टचा वेग मंदावतो आणि मला आणखी एक दिवस मिळतो.

स्वयंपाकाने माझी चित्रे सुधारली, हे आवर्जून सांगावेसे वाटते. खाद्यपदार्थांची चित्रे काढणाऱ्या पुष्कळ जणांची वाफ कागदावर दिसत नाही, कारण ती उजळ पार्श्वभूमीवर काढलेली असते. शिजत्या भांड्यासमोर उभे राहून पाहिले तर वाफ मागे काळोख असेल तिथेच नजरेला येते, हे लगेच कळते. कांदा परतताना पांढरा, मग काचेसारखा, मग सोनेरी आणि शेवटी तपकिरी होतो. हा क्रम रंगांच्या छोट्या चौकोनांत उतरवून पाहा, त्वचेच्या आणि लाकडाच्या छटांसाठीही तो उपयोगी पडतो. स्वयंपाकघरातले रंग थेट कागदावर वापरण्याचा मोह मात्र विकायच्या चित्रात टाळावा. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी विलक्षण सुंदर दिसतो, पण उजेडात तो फार लवकर उडतो. माझ्या स्वतःच्या वहीत मी तो वापरतो, आणि पान मिटलेले असते तोवर तो टिकतोही.

जुनाब्रश :

विक्रीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मी दोन वर्षे वह्या विकल्या आणि मग थांबवल्या. बिघडते का, असे आपण विचारले आहे. माझ्या बाबतीत बिघडले, आणि ते कुठे बिघडले हे मला नेमके सांगता येते. एक वही शिवण्यात आनंद होता. एकसारख्या तीस वह्या शिवण्यात, त्यांची छायाचित्रे काढण्यात, बांधाबांध करण्यात आणि चौकशीच्या निरोपांना उत्तरे देण्यात तो उरला नाही. किंमत ठरवताना मी कागद, दोरा आणि पुठ्ठा धरला, स्वतःचे तास धरले नाहीत. पुढे ते तास मोजले तेव्हा दिसले की तेवढ्याच वेळात एका मासिकाचे चित्र केले असते, तर कितीतरी अधिक मोबदला मिळाला असता. खळकागद यांच्याशी मी एका बाबतीत सहमत नाही. हस्तकला कामाच्या उपयोगी पडते हे खरे, पण प्रत्येक छंदाचा कामाला उपयोग शोधत राहिले की तोही कामाचाच भाग होतो. माझे भरतकाम कशाच्याही उपयोगाचे नाही, आणि मी ते तसेच राखले आहे.

तरीही विकायचे असेल तर वर्षातून दोनदा, ठरलेल्या संख्येइतक्याच वह्या कराव्यात आणि त्या संपल्या की थांबावे; मागणीनुसार करून देण्याचे वचन देऊ नये. पाककृतींच्या कार्डांबाबत आणखी एक गोष्ट तपासा. एखाद्या प्रकाशकासाठी काढलेली चित्रे त्यांवर छापणार असाल, तर करारात आपण त्यांना केवळ पुस्तकापुरता वापर दिला आहे की सर्व हक्क दिले आहेत, हे आधी वाचून घ्यावे. सर्व हक्क दिले असतील तर स्वतःचे चित्रही परवानगीशिवाय छापता येत नाही.

निळीरेघ :

सर्वांनी इतके मनापासून लिहिले की दोन दिवस हे सारे पुन्हा पुन्हा वाचत होते. डॉक्टरांनी मनगटाला आधारपट्टी दिली असून तीन आठवडे क्रोशे बंद ठेवायला सांगितले आहे. जुने करार काढून वाचले. तीनपैकी एका पुस्तकाचे सर्व हक्क मी देऊन बसले आहे, त्यामुळे कार्डांचा विचार सध्या बाजूला ठेवला. वह्या विकणार नाही, हे मात्र जुनाब्रश यांचा अनुभव वाचताक्षणीच ठरले. नव्या कामासाठी अभिप्रायाची मुदत आणि दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या असे लिहून मसुदा पाठवला आणि संपादकांनी तो एका दिवसात मान्य केला. त्या पुस्तकाची डमी आज शिवायला घेतली आहे. दुसऱ्या फर्म्याची भोके पाडून झाली, आणि पावाचे पीठ सकाळपासून झाकून ठेवले आहे.