मदत हवी आहे : दोन सडे, पालीची जात एक की दोन?

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळच्या कास आणि चाळकेवाडीच्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) जांभ्या दगडाखाली सापडणाऱ्या पालींच्या एनडी२ या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जाघरातल्या) जनुकात साधारण ६ टक्के फरक दिसतोय. नरांच्या मांडीखालच्या छिद्रांची संख्या मात्र दोन्हीकडे सरमिसळ, त्यावरून वेगळं करता येत नाही. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायरची १९४२ची आंतरप्रजननाची कसोटी (निसर्गात आपसात प्रजनन होत असेल तर जात एक) इथे लागत नाही, कारण मधे उरमोडी नदीचं खोरं, दोन्हीकडच्या पालींची गाठ पडताना दिसत नाही. शिवाय एनडी२ हे मायटोकॉन्ड्रियाचं जनुक फक्त आईकडून येतं, म्हणजे नर ये-जा करत असले तरी त्यात कळणार नाही. आरएजी१ हे केंद्रकातलं जनुक आहे, पण ते फार संथ बदलतं. मग केंद्रकातली दुसरी कोणती जनुकं घ्यावीत? मधल्या सज्जनगडाकडच्या माथ्यांवरून प्रत्येकी किती नमुने पुरतील? मधले नमुने गाळले की सलग बदलणारी एकच जातही दोन भासते. नुसत्या टक्क्यांवर नवं नाव ठोकणं मला पटत नाही.