जीटीए ६ साठी पीएस५ आत्ता घ्यावा, की पीसीची वाट बघावी?

गल्लीबॉस_सोलापूर

मंडळी, व्यवहाराचा प्रश्न आहे, ट्रेलरची चर्चा नको.

सध्याचा पीसी: आय५ १०४००एफ, बी४६० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स २०६० (६ जीबी). टीव्ही ५५ इंची, ४के, ६० हर्ट्झ. खर्चाची मर्यादा साठ हजारांच्या आसपास. खेळ बनवणाऱ्या रॉकस्टारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जीटीए ६ ची (ग्रँड थेफ्ट ऑटो) तारीख दुसऱ्यांदा पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ केली. खेळ ज्यांवर येणार त्या यंत्रांच्या यादीत फक्त पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस हे कन्सोल आहेत, पीसीचं नावच नाही.

तर: पीसीवर खेळ साधारण किती महिन्यांनी येतो? कन्सोलवर ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) मिळेल का, की ३० वरच भागवायचं? सिरीज एस स्वस्तात मिळतोय, तो चालेल का? आणि प्री-ऑर्डर सुरू झाली की लगेच करण्यात काही फायदा आहे का?

---

जुनाच_खेळाडू

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. कंपनी काय बोलते ते सोडा, मागचा हिशेब बघा.

जीटीए ४ कन्सोलवर २९ एप्रिल २००८ ला आला, पीसीवर २ डिसेंबर २००८ ला. म्हणजे सात महिने. जीटीए ५ कन्सोलवर १७ सप्टेंबर २०१३, पीसीवर १४ एप्रिल २०१५. जवळपास १९ महिने, आणि त्यातही पीसीची तारीख आधी २७ जानेवारी, मग २४ मार्च, मग १४ एप्रिल अशी सरकत गेली. रेड डेड रिडेम्प्शन २ कन्सोलवर २६ ऑक्टोबर २०१८, पीसीवर ५ नोव्हेंबर २०१९. वर्ष आणि दहा दिवस. (पहिला रेड डेड २०१० चा, तो पीसीवर २०२४ मध्ये आला. तो धरला तर नातवंडांसाठी पीसी बांधायला घ्या.)

हेच अंतर १९ नोव्हेंबर २०२६ पासून मोजलं तर जून २०२७ ते जून २०२८ ही खिडकी निघते. माझा कौल २०२७ च्या अखेरीला.

पीसीवर आला म्हणजे पहिल्या दिवशी धड चालेल असंही नाही. जीटीए ४ च्या पीसी आवृत्तीत ग्राफिक्स कार्डची मेमरी कमी दिसली की सेटिंग वर सरकतच नसे. मग गेमच्या फोल्डरमध्ये कमांडलाइन नावाची टेक्स्ट फाइल करून निर्बंध काढायचे. रेड डेड २ आला तेव्हा चार कोअरच्या प्रोसेसरवर खेळ मधूनच सेकंदभर गोठायचा, आणि त्यावर उपाय म्हणून कंपनीलाच 'सीपीयू लोड रीबॅलन्सिंग' हा लाँच पर्याय द्यावा लागला. तेव्हा पीसीच्या तारखेनंतर अजून दोन महिने धरून चाला.

---

फ्रेमटाइम

६० एफपीएसचं. इथे बरेच जण 'रिझोल्यूशन कमी करा, ६० देऊन टाका' म्हणतात. अडतं ते दुसरीकडेच.

३० एफपीएसला एका फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० ला १६.७. एवढ्या वेळात ग्राफिक्स चिपचं काम व्हावं लागतं आणि प्रोसेसरचंही. रिझोल्यूशन ४के वरून १०८० वर आणलं तर चित्र रंगवण्याचा भार हलका होतो, पण रस्त्यावरची गर्दी, गाड्यांची वाहतूक, आदळआपट, प्रत्येक माणसाचं ॲनिमेशन हे सगळं प्रोसेसरवर चालतं आणि रिझोल्यूशन घटवून त्यातलं काहीच कमी होत नाही. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) असेल तर हलत्या वस्तूंची रचना दर फ्रेमला ताजी ठेवण्याच्या कामातलाही काही भाग प्रोसेसरच्याच गळ्यात येतो. पीएस५ मध्ये आठ कोअरचा झेन २ आहे, जास्तीत जास्त ३.५ गिगाहर्ट्झ. हा २०१९ च्या पिढीचा प्रोसेसर.

पीएस५ प्रो मध्येही प्रोसेसर तोच. खास मोडमध्ये ३.८५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे दहा टक्के जास्त. प्रोसेसरमुळे ३५ वर अडकलेला खेळ त्याने ३८-३९ ला जाईल, ६० ला नाही. शिवाय २०२४ मध्ये प्रो जगभर निघाला तेव्हा वाय-फाय ७ च्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला परवानगी नसल्यामुळे सोनीने भारत वगळला होता. आयात केलेला घेणार असाल तर वॉरंटीचं आधी विचारून घ्या.

दुसरा ट्रेलर (मे २०२५) साध्या पीएस५ वर टिपलेला आहे, निम्मा खेळ आणि निम्मे कटसीन, असं रॉकस्टारनेच सांगितलंय. तो ३० ला आहे. त्यामुळे ३० धरूनच पैसे खर्च करा.

मधला रस्ता ४० एफपीएसचा असतो. एक फ्रेम २५ मिलिसेकंदांची, म्हणजे वेळेच्या हिशेबात ३० आणि ६० च्या बरोबर मध्ये, आणि हाताला फरक जाणवतो. पण त्याला १२० हर्ट्झचा पडदा लागतो, कारण १२० ला ४० ने भाग जातो, ६० ला जात नाही. तुमच्या टीव्हीवर हा पर्याय आला तरी उपयोगाचा नाही. व्हीआरआरचीही (खेळाच्या वेगानुसार पडद्याचा वेग बदलण्याची सोय) आशा नको: पीएस५ वर त्याची कक्षा ४८ ते १२० हर्ट्झ, ३० चा खेळ त्यात बसतच नाही.

---

विड्याचं_पान

फ्रेमटाइम, असहमत. जीटीए ५ पीएस५ वर मार्च २०२२ पासून ६० ला चालतोय, रे ट्रेसिंगसकट ६० चा मोडही आहे. तीच कंपनी, तेच इंजिन. मग ६ ला का नाही?

---

फ्रेमटाइम

कारण ५ चं जग २०१३ मध्ये पीएस३ साठी बांधलं होतं. पीएस३ ची मेमरी २५६ अधिक २५६ एमबी. त्या मापाचं शहर आजच्या प्रोसेसरला चणे-फुटाणे. ६ पहिल्यापासून पीएस५ डोळ्यांसमोर ठेवून बनतोय, म्हणजे मशीन जेवढं देतं तेवढं सगळं ते समुद्रकिनाऱ्यावरच्या गर्दीत ओतणार. नेहमी असंच होतं: एका पिढीचा शेवटचा मोठा खेळ ३० ला, आणि पुढच्या पिढीवर तोच ६० ला, परत पैसे घेऊन.

---

विड्याचं_पान

परत पैसे घेऊन, यावर मात्र १०० टक्के सहमत.

---

हीटसिंक_काका

सिरीज एसबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. नका घेऊ. एकूण मेमरी १० जीबी, त्यातली ८ जीबी वेगवान (२२४ जीबी प्रति सेकंद) आणि उरलेली २ जीबी फक्त ५६ च्या वेगाची. पीएस५ ला सरसकट १६ जीबी, ४४८ च्या वेगाने. बाल्डर्स गेट ३ चं उदाहरण ताजं आहे: पीसीवर ऑगस्ट २०२३, पीएस५ वर सप्टेंबर, आणि एक्सबॉक्सवर थेट डिसेंबरमध्ये, कारण दोन खेळाडूंचा विभागलेला पडदा सिरीज एस मध्ये मावेना. शेवटी मायक्रोसॉफ्टने नियम सैल केला आणि एस वर ती सोय वगळून खेळ निघाला. जीटीए ६ एस वर येणार हे नक्की, पण काटछाट तिथेच सर्वात जास्त दिसणार. त्यात डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणजे जुना खेळ विकून पैसे मोकळे करण्याची सोयही नाही.

पीएस५ स्लिम, डिस्कवाला घ्या. आपल्याकडे डिस्कचा बाजार जिवंत आहे. ४,९९९ ची डिस्क महिनाभरात संपवून विकली तर निम्म्याहून जास्त पैसे परत येतात. डिजिटल घेऊन नंतर ड्राइव्ह जोडता येतो, पण ड्राइव्ह सुटा मिळायला हवा, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच.

आता स्टोरेज. जुन्या मॉडेलमध्ये ८२५ जीबी लिहिलेलं असे, वापरायला ६६७ जीबी मिळत. स्लिममध्ये १ टीबी आहे. रेड डेड २ पीसीवर १५० जीबी मागतो, त्यामुळे या खेळासाठी २०० जीबी रिकामी ठेवूनच चाला. साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर पीएस५ चे खेळ नुसते ठेवता येतात, तिथून चालत नाहीत. पीएस४ चे चालतात.

स्टोरेज वाढवायचं असेल तर एम.२ एनव्हीएमई एसएसडी, पीसीआयई जेन ४ एक्स४. वाचण्याचा वेग ५,५०० एमबी प्रति सेकंद किंवा जास्त, ही सोनीची शिफारस. हीटसिंक सक्तीचा. लोक हमखास चुकतात ते उंचीत: हीटसिंकसकट एकूण ११.२५ मिमी, त्यातले बोर्डाच्या वर ८ मिमी. पीसीसाठीचे पंख्यावाले किंवा मिनार असलेले हीटसिंक बसत नाहीत आणि खाचेचं पत्र्याचं झाकण लागत नाही. झाकण न लावता चालवू नका.

बसवताना: कन्सोल पूर्ण बंद करा (रेस्ट मोड नव्हे), सगळ्या वायरी काढा, थंड होऊ द्या. बाहेरचं झाकण काढा, आतल्या पत्र्याचा स्क्रू काढा. खाचेत एक छोटी चकती असते, ती आपल्या एसएसडीच्या लांबीच्या भोकावर सरकवा, बहुतेक वेळा २२८०. ही चकती विसरलात तर स्क्रू आवळताना एसएसडी वाकते, आणि मग ती कधी दिसते कधी दिसत नाही असला त्रास सुरू होतो. एसएसडी तिरपी घालून शेवटपर्यंत दाबा, आडवी करा, स्क्रू लावा. चालू केल्यावर फॉरमॅट विचारेल, हो म्हणा. नंतर स्टोरेजच्या सेटिंगमध्ये 'नवे खेळ कुठे टाकायचे' ते बदलायला विसरू नका, नाहीतर सगळं जुन्याच जागी जात राहील.

---

बसस्पीड

पीसीवाल्यांची बाजू मांडतो. 'थांबलो तर सुटे भाग स्वस्त होतील' हे एरवी बरोबर असायचं, या वेळी नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा २०२७ ला स्वस्तात पीसी बांधू, यावर पैज लावू नका.

आणि धागाकर्त्याच्या बोर्डाबद्दल एक बारीक गोष्ट. १०४००एफ आणि बी४६० म्हणजे पीसीआयई ३.० (कार्ड ज्या खाचेत बसतं तिची जुनी पिढी). त्यात आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० सारखं कार्ड टाकलंत तर ते फक्त आठ लेन (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा) वापरतं, म्हणजे सेकंदाला ८ जीबीच्या आत. कार्डवरच्या ८ जीबी मेमरीत खेळ मावला तर काही अडत नाही. ती भरली की टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) रॅममधून ओढावे लागतात, आणि ४०६० ची स्वतःची मेमरी २७२ जीबी प्रति सेकंद वेगाची असताना ही ८ ची अरुंद गल्ली आडवी येते. सरासरी एफपीएस चांगला दिसतो आणि वळणावर गाडी नेली की झटका बसतो, तो यामुळे. या बोर्डावर कार्ड टाकायचंच असेल तर १६ लेनचं आणि १२ जीबीचं बघा, जुनं आरटीएक्स ३०६० १२ जीबीसुद्धा या एका बाबतीत बरं. पण खास जीटीए ६ साठी आज कार्ड घेणं चूकच. किमान गरजा जाहीर झाल्याशिवाय एक रुपयाही काढू नका.

स्टीम डेक (लिनक्सवर चालणारा हातातला पीसी) किंवा लिनक्सवाल्यांसाठी: सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनला (जीटीए ५ चा इंटरनेटवर मिळून खेळायचा भाग) बॅटलआय हे फसवेगिरी रोखणारं सॉफ्टवेअर लावलं आणि त्या दिवसापासून तिथे ऑनलाइन बंद. बॅटलआय प्रोटॉनवर (लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) चालू शकतं, फक्त कंपनीने ते चालू करून द्यावं लागतं. रॉकस्टारने दिलं नाही. कथेचा भाग अजून चालतो. ६ च्या वेळी वेगळं काही होईल असं मला वाटत नाही.

---

जुनाच_खेळाडू

ऑनलाइनचा विषय निघालाच आहे तर: या कंपनीची प्राथमिकता बघायची असेल तर लोडिंगचं प्रकरण आठवा. जीटीए ऑनलाइन सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं लागायची, वर्षानुवर्षं. २०२१ मध्ये बाहेरच्याच एका प्रोग्रामरने शोधून काढलं की खेळातल्या दुकानातल्या वस्तूंची १० एमबीची यादी वाचताना प्रत्येक नोंदीला उरलेली आख्खी यादी पुन्हा मोजली जात होती, वर ६३ हजार वस्तूंपैकी प्रत्येक वस्तू आधी आलेल्या सगळ्यांशी ताडून पाहिली जात होती. त्याने केलेल्या दुरुस्तीने वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने मार्च २०२१ मध्ये ती स्वीकारली आणि त्याला १०,००० डॉलर दिले. ज्या यादीतून पैसे येतात तीच यादी खेळ रखडवत होती, आणि आत कोणी बघितलं नव्हतं! म्हणून ६ चं ऑनलाइन पहिल्या दिवसापासून गुळगुळीत असेल हे गृहीत धरून खरेदी करू नका. कथेसाठी घ्या.

---

गल्लीबॉस_सोलापूर

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. पीएस५ स्लिम डिस्कवाला, हे नक्की. आता दोनच गोष्टी: कधी घ्यायचा? आणि प्री-ऑर्डरचं राहिलंच.

---

हीटसिंक_काका

कन्सोल आज घेऊन कपाटात ठेवला तर वॉरंटी कपाटातच संपते. आत्ता खेळायला दुसरं काही असेल तरच आत्ता घ्या. नाहीतर दसरा-दिवाळीच्या सवलतीत, पण खेळाच्या तारखेच्या महिनाभर आधी तरी. शेवटच्या आठवड्यात एक तर माल नसतो, किंवा दुकानदार दोन नको असलेले खेळ गळ्यात मारून 'बंडल' करतो. तारीख तिसऱ्यांदा हलली तर तुमचाही बेत हलवा.

प्री-ऑर्डर डिजिटल असेल तर त्यात साठा संपण्याची भीती नाही, त्यामुळे घाईचं कारणच नाही. केलीच, तर पीएस स्टोअरचा नियम लक्षात ठेवा: तारखेच्या १४ दिवसांहून आधी केलेली ऑर्डर प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत रद्द करता येते. त्यानंतर केलेली पैसे भरल्यापासून १४ दिवसांत, पण डाउनलोड सुरू झालेलं नसेल तरच. इथेच लोक फसतात, कारण प्री-लोड (तारखेआधीच होणारं डाउनलोड) रात्रीत आपोआप सुरू होतो आणि परताव्याचा हक्क जातो. सेटिंगमध्ये आपोआप डाउनलोड बंद ठेवा.

---

फ्रेमटाइम

आणि टीव्हीवर त्या एचडीएमआय इनपुटला गेम मोड लावा, मोशन स्मूदनिंग बंद करा. ३० एफपीएसला कंट्रोलरचा उशीर आधीच जास्त असतो, त्यात टीव्हीने चित्र 'सुधारायला' घेतलं की गाडी वळायच्या आधी खांब येतो.