पॅनेलवर ‘ओसी४३ पॉझिटिव्ह’ आलंय, म्हणजे कोविड का?

प्रश्न
वय ६४, मधुमेह. ताप, घसादुखी, कोरडा खोकला. आज तिसरा दिवस. ऑक्सिजन ९७. श्वसन-पॅनेलच्या (एकाच स्वॅबमधून अनेक विषाणू शोधणारी चाचणी) रिपोर्टवर ‘कोरोनाव्हायरस ओसी४३: डिटेक्टेड’ आणि दोन ओळी खाली ‘सार्स-कोव्ह-२: नॉट डिटेक्टेड’. डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) सुरू करायचं का?

प्रतिसाद १
हा कोविड नाही. कोविडचा विषाणू म्हणजे सार्स-कोव्ह-२, तो सापडलेला नाही. माणसाला होणारे कोरोनाव्हायरस सात. २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१ हे चौघे नेहमीच्या सर्दी-खोकल्यातले. सार्स, मर्स आणि सार्स-कोव्ह-२ हे तिघे वेगळे. पॅनेलमध्ये प्रत्येकासाठी वेगळे प्रायमर (त्या-त्या विषाणूचा जनुकीय भाग ओळखणारे तुकडे) असतात, म्हणून ओळ नीट वाचा. नुसता ‘कोरोना’ शब्द बघून घाबरू नका. ओसी४३वर खास औषध नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही परिणाम होत नाही. पण या वयात, त्यात मधुमेह असताना, यातूनही न्यूमोनिया होऊ शकतो, तेव्हा लक्ष हवंच.

प्रतिसाद २
स्टिरॉइड आत्ता नकोच, कोविड असता तरी नको! डेक्सामेथासोन रोज ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त १० दिवस, हे ऑक्सिजन लावावा लागलेल्या कोविड रुग्णांसाठी. २०२०च्या ‘रिकव्हरी’ या ब्रिटनमधल्या मोठ्या औषध-चाचणीत ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही. इथे तर साखर भडकेल, ते वेगळंच.

कोविड निघाला असता तर विषाणूविरोधी गोळ्या: निर्माट्रेल्व्हिर ३०० मिग्रॅ आणि रिटोनाव्हिर १०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ५ दिवस. तेही लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत. त्याआधी मूत्रपिंडाचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी बघावीच लागते. रिटोनाव्हिर यकृतातलं एन्झाइम अडवतं, त्यामुळे सिमव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढतं.

प्रतिसाद ३
स्वॅब कसा घेतला होता? काडी वर, डोळ्यांच्या दिशेने घातली की नमुना फसतो. नाकाचा तळ आडवा असतो. काडी सरळ मागे, कानाच्या रोखाने न्यायची, अडली की काही सेकंद थांबायचं आणि फिरवत बाहेर काढायची. घरातल्या कुणाला कोविड असेल तर चाचणी पुन्हा करा. रॅपिड अँटिजेन करणार असाल तर एका निगेटिव्हवर थांबू नका, ४८ तासांनी परत करा. आजार फुफ्फुसात उतरला असेल तर घशाचा स्वॅब निगेटिव्ह येऊनही थुंकीत विषाणू सापडतो; मर्समध्ये तर खालच्या श्वसनमार्गाचाच नमुना जास्त भरवशाचा.

प्रश्नकर्ता
स्टिरॉइड नाही देत. ऑक्सिमीटर कधी ९७, कधी ९१ दाखवतो. कुठला आकडा धरायचा?

प्रतिसाद २
बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसवा, मग मधलं बोट घालून आकडा मिनिटभर स्थिर राहतो का बघा. मशीनवरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळायला हवी. जुळत नसेल तर ते रीडिंग सोडून द्या. असं मोजूनही ९४च्या खाली आलं तर दम लागत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ९० किंवा खाली आलं, ओठ निळसर पडले किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर थेट इमर्जन्सीत.