दुरुस्तीनंतर गाडी घाटात तापते : हेड लगेच उतरवावं का?

कातळसडा

कोकणात वारंवार दिसणारा एक प्रकार या धाग्यावर चर्चेला घेतो. लहान पेट्रोल गाडी गळका वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बदलून गॅरेजमधून बाहेर येते. रत्नागिरीहून पाली, नाणीज, साखरपा इथवर तापमानाचा काटा मध्यावर. आंबा घाट लागला की काटा लाल पट्टीकडे. परत नेली की उत्तर ठरलेलं, "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग.

माझं म्हणणं असं की चाचणी झाल्याशिवाय हेडला पाना लावू देऊ नका. ज्या भागाला नुकताच हात लागला, खोट आधी तिथे शोधायची.

बहुतेक वेळा सापडते ती अडकलेली हवा. सिस्टिममध्ये साडेचार लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मावत असेल आणि तीनच लिटर आत गेलं असेल, तर उरलेली जागा हवेने धरली आहे. ती हेडच्या वरच्या पोकळीत नाहीतर हीटरच्या कोरमध्ये बसते. सपाटीला इंजिन निभावून नेतं, चढावर नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो मापाचा: किती काढलं, किती ओतलं?

हवा काढायची तर इंजिन पूर्ण थंड हवं आणि गाडीचं नाक चढावर. रॅम्प नसेल तर घरासमोरची घाटीही चालते, फक्त हँडब्रेक ओढून चाकाला मागून दगड लावा. हीटर सर्वांत गरमवर, ब्लोअर एकवर. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) असेल तर तो ढिला करून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत भरायचं. मग तोंडावर घट्ट बसणारं फनेल लावून इंजिन आयडलवर सोडायचं आणि वरचा होज (रेडिएटरचा रबरी पाइप) अधूनमधून दाबत राहायचा. ८२ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरायचं. पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या, मग कॅप. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीतच बाटलीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आणा. या सगळ्याला पाऊण तास लागतो. हेड उतरवायला दोन दिवस.

पाना_पकड

मापाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. रेडिएटरचा खालचा नळ उघडून ब्लॉकमधलं कूलंट येत नाही, तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त आतच राहतं. तीन लिटर गेलं म्हणजे दीड लिटर हवा, हा हिशोब त्यामुळे फसतो. काढलेलं मोजलं असेल तरच त्याला अर्थ.

पण माझा खरा विरोध क्रमाला आहे. पंप मुळात का बदलला? गळत होता म्हणून. गळत असताना गाडी किती किलोमीटर कमी कूलंटवर चालली? पातळी फारच खाली गेली तर सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. चालवणाऱ्याला वाटतं, निवली गाडी. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला असं एकदा तापणं पुरतं. मग दुरुस्तीनंतरचं तापणं हे नव्या कामातली चूक नसून जुन्या तापण्याचा परिणाम असतो. अशा गाडीतली हवा काढत बसायची आणि खात्री करायला पुन्हा घाटात न्यायची, यात गॅस्केटचं काम हेड बदलण्यापर्यंत जातं.

गॅस्केटची तपासणी आधी करा, तीही हेड न उतरवता होते. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि वरचा होज हातात धरा. पाणी कोमटही झालं नसताना मिनिटभरात होज दगडासारखा झाला, तर तो दाब सिलिंडरमधून येतोय. ब्लॉक टेस्टरचं (कूलंटमध्ये इंजिनाचा जळका वायू शिरतोय का ते दाखवणाऱ्या साधनाचं) निळं द्रव पेट्रोल गाडीवर पिवळं झालं तर शंका उरत नाही. तिसरं, थंड सिस्टिमला प्रेशर टेस्टरने कॅपवर लिहिल्याइतकाच दाब द्या, बहुधा १ बारच्या आसपास, त्याहून जास्त नाही. पंधरा मिनिटांत टेस्टरचा काटा उतरला आणि बाहेर कुठे थेंब नाही, तर प्लग काढून स्टार्टर मारा. एखाद्या भोकातून कूलंटचा फवारा आला की तोच सिलिंडर.

खाडीपट्टा

दोघेही लांबच्या वाटेने जाताय. थर्मोस्टॅट काढून टाका. इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून तो असतो आणि आपल्याकडे पौषातही पहाटे कुडकुडायला होत नाही. लोकल थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही, ही बाजारातली वस्तुस्थिती आहे. काढला की पाणी मोकळं फिरतं, दगदग मिटते.

घाटमाथा

खाडीपट्टा, हा सल्ला जुन्या जीपच्या इंजिनांवर खपून गेला. आताच्या बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात. मोठी रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी मागची छोटी तबकडी बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरला न शिवता परत इंजिनात जातो. सपाटीला इंजिन थंडच राहतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं. आणि घाटात मात्र तीच गाडी तापते, कारण गरज असते तेव्हा सगळं पाणी रेडिएटरकडे वळवणारं कुणी नसतं.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी थर्मामीटर. तळाला टेकू देऊ नका. त्यावर कोरलेल्या अंशाला हलायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. नाही उघडला तर दुकानात परत.

बसवताना दोन चुका होतात. स्प्रिंग आणि मेणाची कुपी इंजिनाकडे हवी, उलटा बसला तर त्याला गरम पाणी उशिरा भेटतं. आणि डुलणारी छोटी पिन असेल तर ती सगळ्यात वर हवी, हवा तिथूनच निसटते.

खाडीपट्टा

बायपासचा मुद्दा पटला. ज्या इंजिनात ती मागची तबकडी आहे तिथे माझा सल्ला मागे घेतो.

पण किनाऱ्याची एक गोष्ट तुम्ही सगळे विसरताय. खाऱ्या वाऱ्याने रेडिएटरच्या पत्र्या आतून खलास होतात. मालवण, हर्णै, गुहागर भागातल्या पाच-सात वर्षांच्या गाडीची जाळी बोटाने हळूच दाबून बघा. पांढरी भुकटी पडली तर पत्री दिसायला जागेवर आहे, नळीला धरून नाही, म्हणजे उष्णता बाहेर टाकत नाही. पंप जुना होता तोवर प्रवाहच कमी होता, त्यामुळे दोष पंपावर गेला. नवा पंप बसला तरी रेडिएटर तोच.

दुसरं, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत तांबडी माती आणि पालापाचोळा गच्च बसतो. समोरून प्रेशर वॉशर मारला तर तो आणखी आत ठासला जातो. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या पाइपने धुवा. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्यांत तर हा गाळ हमखास तपासावा.

तिसरं, विहिरीचं पाणी. खाडीलगतच्या विहिरीत क्षार असतात आणि ॲल्युमिनियमला क्लोराइड खातं. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणीच वापरा.

कातळसडा

@खाडीपट्टा, रेडिएटरबद्दल पूर्ण सहमत. त्याला जोडून पंख्याचं बघा, किनाऱ्यावर पंख्याचं अर्थिंग गंजतं. पंखा चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंख्याच्या कनेक्टरवर १२.५ दिसले तर पंखा फिरतोय पण पुरेशी हवा ओढत नाही. दुरुस्तीत मोटरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या तर तो हवा पुढे फेकतो. जाळीसमोर कागद धरला की कळतं, चिकटला पाहिजे.

@पाना_पकड, तुमच्या चाचण्यांना विरोध नाही. मलाही चाचणीच हवी आहे. पण गॅस्केटच्या आधी पाच मिनिटांत होणारी कामं आहेत, ती का सोडायची? बाहेरचा पट्टा पंप फिरवत असेल तर पट्टा बॉनेटखालच्या स्टिकरप्रमाणे गेलाय का? चुकीच्या बाजूने ओढला तर पंप उलटा फिरतो. खालचा होज रेस दिल्यावर चपटा होतो का? पंप त्यातूनच पाणी ओढतो, आतली स्प्रिंग काढून टाकली असेल तर चढावर तोच प्रवाह अडवतो. कॅप दाब धरते का? साधं पाणी कॅप निकामी असताना १०० अंशांना उकळतं, १.१ बार धरला तर १२० च्या पुढे. घाटात इंजिनाचं पाणी शंभराला सहज पोचतं, म्हणजे साध्या रबरी वॉशरवर सगळा फरक.

घाटमाथा

कॅपसोबत मिश्रणही विचारा. कॉन्सन्ट्रेट कॅन पाणी न मिसळता तसाच ओतला जातो, कारण जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असा समज आहे. निव्वळ ग्लायकॉल (कूलंटचा मुख्य घटक) पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता वाहून नेतं. पाणी गोठण्याची भीती कोकणात नाही, पण गंजरोधक घटक कूलंटमधूनच मिळतात, त्यामुळे कंपनीच्या पुस्तकातलं प्रमाण पाळा. कॅनवर प्रीमिक्स लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नका.

पाना_पकड

पट्टा, होज, कॅप आधी बघा, हे मान्य. मी अडतो ते पुढे. हवा काढली, काटा सपाटीला ठीक राहिला आणि ब्लॉक टेस्टर निळाच राहिला, की गॅस्केट सुटलं असं समजून लोक घाटात जातात. बारीक गळती आयडलवर दिसत नाही, सिलिंडरमधला दाब चढावरच वाढतो. म्हणून टेस्टर लावायचा तो गाडी भाराखाली दहा-पंधरा मिनिटं चालवून आल्यावर, आणि तो भार आंबा घाटाचा नको. हातखंब्याजवळचा छोटा चढ पुरे. ओबीडीचा डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारं यंत्र) लावून अंश आकड्यात बघा, काट्यावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत काटा मधल्या मोठ्या टप्प्यात जागचा हलतच नाही. १०५ च्या वर जायला लागलं की थांबा.

आणि हेड उतरलंच, तर गॅस्केट बदलून लगेच बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हेडवर उभं, आडवं आणि दोन्ही कर्णांवर लावा. लहान इंजिनांना मर्यादा साधारण ०.०५ मिलिमीटरची असते, नेमका आकडा पुस्तकातला घ्या. ब्लॉकचा माथाही तसाच तपासा, तो बहुतेक जण विसरतात. ठरावीक अंश फिरवून आवळायचे बोल्ट असतील तर नवेच. आणि गॅस्केटची भोकं ब्लॉकच्या भोकांवर ठेवून बघा. उलटं बसलं तर मागच्या सिलिंडरचं पाणी बंद होतं आणि गाडी पुन्हा याच धाग्यावर येते.

कातळसडा

टेस्टर भाराखालून आल्यावर लावायचा, हा बदल मी माझ्या क्रमात घेतो. क्रम मात्र तोच ठेवतो: पट्टा, होज, कॅप, पंखा, मग हवा, मग तुमचा छोटा चढ आणि टेस्टर. टेस्टर पिवळा झाल्यावर हेड उतरवायला माझी हरकत नाही. काढलेलं गॅस्केट मात्र मालकाने मागून घ्यावं. कुठे फुटलंय ते त्यावर दिसतं, आणि कुठेच फुटलेलं नसेल तर तेही दिसतं.